आधी फ्लेक्स, मग व्हिसा?

कराडजवळ माझ्या आत्याचं गाव आहे. २०२५च्या मे महिन्यात तिथल्या एसटी थांब्यासमोर एक फ्लेक्स लागला. मधोमध कोट घातलेला माझा आतेभाऊ, मागे जर्मनीचा झेंडा, कोपऱ्यात विमान आणि खाली चौदा शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइझ फोटो. वर ठसठशीत अक्षरांत 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन'. गंमत अशी, की त्या दिवशी दादाचा व्हिसा आलेलाच नव्हता. फाइल फक्त सबमिट झाली होती. पण 'फाइल लागली' हे वाक्य गावभर फिरून परत घरी आलं, तोवर त्याचं 'व्हिसा लागला' झालं होतं. मित्रांनी वर्गणी काढून फ्लेक्स लावूनही टाकला. आत्याने पेढे वाटले. दादाने चाकणच्या कंपनीत राजीनामा तर आधीच दिला होता.

ऑगस्टमध्ये नकाराचं पत्र आलं.

हे सगळं पेपरात लिहू का, असं मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "लिही. फक्त नाव नको आणि फोटो तर अजिबात नको. फोटो एकदा छापून झालाय."

तर मंडळी, आज मला तुमच्याशी भांडायचंय. तुमच्याशी म्हणजे माझ्याच वयाच्या त्या सगळ्यांशी, ज्यांच्या मोबाइलमध्ये एक तरी 'स्टडी अब्रॉड' किंवा 'जर्मनी जॉब्स' नावाचा ग्रुप आहे. बाहेर जायला माझा विरोध नाही. मला स्वतःला जायचंय. पण कोणत्या देशात जायचं, तिथे थंडी किती, मेस मिळेल का, इन्स्टावर काय टाकायचं, हे सगळं आपण महिनोन्‌महिने बोलतो आणि 'त्या व्हिसाच्या अटींमध्ये मी बसते का?' हा एक प्रश्न दुसऱ्यावर सोडून देतो. हे मला पटत नाही.

दादाचंच बघा. तो २६ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनीअर. त्याने अर्ज केला होता जर्मनीच्या 'शान्सेनकार्टे'साठी, म्हणजे ऑपॉर्च्युनिटी कार्डसाठी. १ जून २०२४ला जर्मनीने हे सुरू केलं. हातात नोकरी नसतानाही एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधायची, तोवर आठवड्याला २० तासांपर्यंत पार्ट टाइम काम करायचं, अशी ही सोय. ऐकायला इतकी छान वाटते, की पुढचं कुणी वाचतच नाही.

पुढे असं आहे. आधी काही किमान अटी. तुमच्या देशात मान्यता असलेली पदवी किंवा कमीत कमी दोन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण, भाषेत जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२, आणि वर्षभर राहण्याइतके पैसे. पैशांचा आकडा २०२५ साठी महिन्याला १,०९१ युरो होता. वर्षाचे झाले १३,०९२ युरो, म्हणजे आपले जवळपास १३ लाख रुपये. ते बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरतात.

या अटी पूर्ण झाल्या म्हणजे झालं का? नाही! इथून पुढे पॉइंट्स सुरू होतात. जर्मनीत तुमच्या पदवीला पूर्ण मान्यता नसेल, तर कमीत कमी सहा पॉइंट्स जमवावे लागतात. आणि दादाच्या कन्सल्टंटने नेमका इथेच घोळ घातला. किमान अटी पूर्ण होतात हे बघून त्याने 'यू आर एलिजिबल' असं लिहिलेला एक रंगीत कागद दिला. दादाने तो फ्रेम करायचाच बाकी ठेवला होता.

दिवाळीत आत्याकडे जेवणं आटोपल्यावर मी आणि दादा लॅपटॉप घेऊन बसलो. 'मेक इट इन जर्मनी' या जर्मन सरकारच्या पोर्टलवर पॉइंट्स मोजायची सोय आहे. इंग्रजीत आहे, फुकट आहे. वय ३५च्या आत, दोन पॉइंट्स. इंजिनीअरिंग हे तिथे माणसं कमी पडणाऱ्या क्षेत्रांत येतं, त्याचा एक. झाले तीन. मग भाषा. दादाचं जर्मन ए-१. किमान अटीला चालतं, पण पॉइंट शून्य. पॉइंट ए-२ पासून सुरू होतात. इंग्रजीत आयईएलटीएसला साडेसहा, म्हणजे बी-२. तेही किमान अटीला चालतं, पॉइंट शून्य. सात असते तर सी-१ धरून एक मिळाला असता. मग अनुभव. शिक्षणाशी संबंधित कामाचा गेल्या पाच वर्षांत निदान दोन वर्षांचा अनुभव असेल, तर दोन पॉइंट्स. दादाचा अनुभव किती? एकोणीस महिने.

एकोणीस महिन्यांवर त्याने राजीनामा दिला होता. का, तर कन्सल्टंट म्हणाला होता, "नोटीस पिरियडमुळे उगाच उशीर नको."

दादाने दोनदा पान मागे नेऊन परत मोजलं. तीनच. आणखी पाच महिने चाकणला काढले असते आणि ए-२ची परीक्षा दिली असती, तर बरोबर सहा भरत होते. आत्या स्वयंपाकघरातून विचारत होती, "काय म्हणतंय रे मशीन?" दादाने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "काही नाही आई, उद्या बघू."

आता यावर काही जण म्हणतील, 'ट्राय करायला काय जातं?' हे वाक्य आपल्या पिढीचं राष्ट्रगीत झालंय. म्हणून एकदा नीट सांगतेच, काय काय जातं ते.

व्हिसाची फी जाते. ती ७५ युरो, व्हिसा मिळाला नाही तरी परत मिळत नाही. दादाच्या केसमध्ये कन्सल्टन्सीचे सव्वा लाख गेले. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे परत आले, हे खरं; पण त्यातला बराच भाग आत्याचे दागिने तारण ठेवून उभा केला होता. दागिन्यांवरचं व्याज काही ब्लॉक होत नाही, ते चालूच राहिलं. नोकरी गेली. आणि सगळ्यात न दिसणारी गोष्ट म्हणजे 'तुम्हाला कधी व्हिसा नाकारला गेला आहे का?' हा प्रश्न. ब्रिटनच्या फॉर्ममध्ये तो आहे, कॅनडाच्या फॉर्ममध्ये आहे. आता दादाला प्रत्येक वेळी 'हो' लिहावं लागणार आणि का ते सांगावं लागणार. एक नकार आला म्हणजे सगळी दारं बंद, असं अजिबात नाही. पण पाच महिने थांबून जो 'हो' टाळता आला असता, तो कशाला ओढवून घ्यायचा? आणि तिथे 'नाही' लिहून मोकळं होऊ, असा विचार तर स्वप्नातही करू नका. खोटी माहिती दिली असं ठरलं, तर कॅनडा पाच वर्षांची बंदी घालतं. ब्रिटनमध्ये ती दहा वर्षांपर्यंत जाते.

अपिलाचंही ऐका. नकार आल्यावर कन्सल्टंट दादाला म्हणाला, "पंधरा हजार भरा, आपण अपील टाकू." जर्मन कॉन्स्युलेटकडे नकाराविरुद्ध लेखी फेरविचार मागायची एक सोय होती खरी, तीही फुकट. पण ती जर्मनीने १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केली. आता एकतर नव्याने अर्ज करायचा, नाहीतर थेट बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावायचा. दादाचं पत्र आलं ऑगस्टमध्ये. म्हणजे जी सोय महिनाभर आधीच बंद झाली होती, तिचे पंधरा हजार! ते मात्र त्याने दिले नाहीत. पहिल्यांदाच त्याने स्वतः शोधून बघितलं होतं.

सगळे कन्सल्टंट चोर असतात, असं मी म्हणत नाहीये. आमच्या कॉलेजमधल्या दोन-तीन जणांची कामं अगदी चोख झाली आहेत. कागद लावायला, अपॉइंटमेंट बघायला, फॉर्ममधल्या चुका काढायला मदत घ्या की! पण अटी तपासण्याचं काम ज्याला तुमच्या 'हो' वर पैसे मिळणार आहेत, त्याच्या हातात कसं देता? साडी आपल्याला शोभते का, हे दुकानदाराला विचारून कुणी ठरवतं का?

असो. दुसऱ्याचं बोलून झालं, आता माझं. त्याच रात्री दादा झोपल्यावर मी माझे पॉइंट्स मोजले. वय २२, त्याचे दोन. मास कम्युनिकेशनची पदवी आहे, पण पत्रकार हवेत अशी काही जर्मनीची ओरड नाही, त्यामुळे तिथे शून्य. अनुभव म्हणाल तर ही इंटर्नशिप. ती काही महिन्यांची, तीही अजून चालू. शून्य. पुण्यात राहून जर्मन शिकतेय, ए-२ झालंय, त्याचा एक. इंग्रजीची परीक्षा दिलेली नाही. सी-१ येईल असं धरलं तर आणखी एक. चार. सहापैकी... म्हणजे सहा हवेत आणि माझे चार, त्यातला एक उधारीचा.

खरं सांगू? वाईट वाटलं. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, की मी जर्मनीला जाणार. क्लासमध्ये पहिल्या बाकावर बसत होते. आणि हा आकडा मी एकदाही मोजलेला नव्हता. मग दहा मिनिटांनी वाटलं, अरे, पण आता निदान कळलं तरी! बी-१ केलं तर पाच, बी-२ केलं तर बरोबर सहा. म्हणजे मला करायचंय काय, तर बी-२ आणि इंग्रजीची परीक्षा. सव्वा लाख नाही, फ्लेक्स नाही. आधी 'जर्मनीला जायचंय' एवढंच धूसर काहीतरी होतं, आता शनिवार-रविवारचा क्लास आणि वर्ष-दीड वर्षाचा हिशोब समोर आहे. आणि सहा झाले तरी व्हिसा हातात पडेल याची हमी नाही, हेही माहीत आहे. कागद बघून अंतिम निर्णय अधिकारीच घेतात. पण सहाच्या खाली असताना अर्ज करणं म्हणजे तिकीट न काढता गाडीत बसणं.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण यात माझी गुरू आहे. ती ब्रिटनला मास्टर्सला गेली. तिचे वडील शेतकरी. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाचा एक नियम आहे, की फीचे उरलेले आणि राहण्याखाण्याचे मिळून दाखवायचे पैसे खात्यात सलग २८ दिवस असले पाहिजेत. एक दिवससुद्धा रक्कम खाली उतरता कामा नये. आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आतला हवा. हिने तो नियम वाचून कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. एकोणिसाव्या दिवशी पेरणी आली आणि वडिलांनी बियाणं-खतासाठी त्याच खात्यातून चाळीस हजार काढले. त्यांच्या दृष्टीने पैसे घरचेच, आठ दिवसांत परत भरणार होते. हिने पासबुक बघितलं, कपाळाला हात लावला, पैसे परत भरले आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. अर्ज तीन आठवडे पुढे गेला. हॉस्टेलवर सगळे तिला 'अठ्ठावीस' म्हणून चिडवायचे. आज अठ्ठावीस मँचेस्टरला आहे.

तिला हे कुठल्या व्हिडिओतून कळलं नव्हतं. व्हिडिओंबद्दल मला खास राग आहे. जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये किती पैसे लागतात, हे शोधून बघा. २०२१चा व्हिडिओ सांगेल १०,३३२ युरो. २०२३चा सांगेल ११,२०८. १ सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ झाला. तिन्ही व्हिडिओ खरेच बोलत होते, आपापल्या वर्षी. भारतातल्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं झालं, म्हणजे त्याआधी गेलेल्या सीनियरला एपीएस म्हणजे काय हेच माहीत नसतं. त्याचे १८,००० रुपये आणि काही आठवडे तुमच्या प्लॅनमध्ये धरलेले नसतात. कॅनडाचंही तेच. झटपट निकाल देणारी एसडीएस नावाची सोय ८ नोव्हेंबर २०२४ला बंद झाली, तरी 'एसडीएसने वीस दिवसांत व्हिसा' सांगणारी रील्स अजून फिरताहेत. ब्रिटनमध्ये साधं मास्टर्स करणाऱ्याला जानेवारी २०२४ पासून नवरा किंवा बायकोला सोबत नेता येत नाही. हे माहीत नसताना लग्नाची तारीख काढलेलं एक जोडपं आमच्या बिल्डिंगमध्ये आहे. त्यांचं पुढे काय ठरतंय हे विचारायची माझी हिंमत नाही.

म्हणून सीनियरला जरूर विचारा, पण त्याला थंडीबद्दल विचारा, घरभाड्याबद्दल विचारा. अटी त्या देशाच्या सरकारी साइटवर वाचा आणि पान कधी अपडेट झालंय ते बघा. कंटाळवाणं असतं, मान्य. जर्मनीत आपली युनिव्हर्सिटी आणि पदवी कशी धरतात हे दाखवणारा 'अनाबिन' नावाचा डेटाबेस तर जर्मन भाषेतच आहे. पहिल्यांदा उघडला तेव्हा मी पाच मिनिटांत बंद केला होता. दुसऱ्यांदा ट्रान्सलेट लावून बसले. युनिव्हर्सिटीच्या नावापुढे एच प्लस, एच मायनस किंवा दोन्ही अशी खूण असते. ती बघायला एक चहा पुरतो. ती खूण नको तशी निघाली, तर निदान प्रवेशाची फी भरायच्या आधी कळतं.

बारावीवाल्यांसाठी वेगळं सांगते, कारण ऑफिसात आमच्या पानावर सगळ्यात जास्त विचारणा त्यांचीच येते. बारावीच्या मार्कांवर जर्मनीच्या सरकारी युनिव्हर्सिटीत थेट बॅचलर्सला जाता येतं, असं कुणी सांगत असेल तर थांबा. एकतर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, नाहीतर इथे मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीत एक वर्ष नीट पूर्ण केलेलं, नाहीतर तिथे जाऊन स्टुडिएनकोलेगचं पूर्वतयारीचं वर्ष, असे रस्ते आहेत. नर्सिंग केलेल्यांना तिथे खूप मागणी आहे, पण नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर जर्मन साधारण बी-२ पर्यंत लागतं. काम करता करता शिकायच्या आउसबिल्डुंगसाठी साधारण बी-१. 'भाषा तिकडे गेल्यावर येते' हे वाक्य व्हिसाच्या फॉर्मला लागू नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्यानंतर 'जर्मनीत नोकरीची सुवर्णसंधी' छापाचे बोर्ड तालुक्याच्या गावातही दिसायला लागले. संधी आहेच. पण करार झाला म्हणून तुमच्या फाइलमधली भाषेची, पदवीची अट माफ होत नाही. ती प्रत्येकाची प्रत्येकाला पूर्ण करावी लागते.

घरच्यांबद्दल एक. आपले आईवडील या फॉर्मांना घाबरतात, म्हणून 'साहेब सांगतील तसं' म्हणून मोकळे होतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आत्याने आयुष्यात बँकेची स्लिपसुद्धा दुसऱ्याकडून भरून घेतली आहे. पण आपण तर दिवसाला पाच-सहा तास फोनवर असतो ना? दागिने त्यांचे ठेवायचे आणि नियम वाचायचा कंटाळा आपण करायचा, हे काही बरोबर नाही. आणि नियम वाचून 'आत्ता आपण बसत नाही' असं निघालं, तर ते घरी सांगायलाही शिका. दादाला हे चाकणमध्ये असताना कळलं असतं, तर तो आत्याला एवढंच म्हणाला असता, की 'अजून पाच महिने थांबतो'. ती म्हणाली असती, 'बरं.'

ऑक्टोबरच्या शेवटी त्याच कंपनीने त्याला परत घेतलं. पद आधीचंच, पगार दोन हजारांनी कमी. एकोणीस महिन्यांच्या पुढे आता मोजणी सुरू आहे. रविवारी सकाळी तो पिंपरीला ए-२च्या क्लासला जातो आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर आर्टिकल्स विचारून पिडतो. डेर, डी, दास यांवरून आमची रोज भांडणं होतात. मागच्या आठवड्यात त्याने विचारलं, आयईएलटीएस परत देऊन सात आणले तर ए-२ची गरज उरणार नाही ना? मी म्हटलं, मोजून बघ. त्याने मोजलं. दोन, एक, दोन आणि इंग्रजीचा एक. सहाच होतात.

"मग क्लास सोडू?" तो म्हणाला.

"दोन्ही दे," मी म्हटलं. "एकात घसरलास तर?"

फ्लेक्स आत्याने टाकलेला नाही. पावसाळ्यात तो जळणावर झाकला होता. नवीन फ्लेक्सची वर्गणी कुणी काढायला आलं, तर व्हिसा बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, असं तिने गल्लीत सांगून ठेवलंय.